मोटारीचे लीज मुदतीआधी सोडण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लीजवर घेतलेली मोटार मुदतीआधी सोडण्याची वेळ बहुधा नोकरी बदलल्यामुळे, बदली झाल्यामुळे किंवा दरमहाचे भाडे झेपेनासे झाल्यामुळे येते. वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांसाठी, तसेच पुणे, हैदराबाद किंवा बंगळूरची नोकरी सोडून नांदेड, लातूर, परभणीकडे परतणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. आमचा आग्रह एकच आहे: लीज कंपनीकडून ठरावीक तारखेपर्यंतचा तपशीलवार लेखी हिशेब हाती आल्याशिवाय गाडीची चावी देऊ नये आणि बँक खात्यातून आपोआप जाणारे भाडेही थांबवू नये. भाडे थांबले की मुदतपूर्व समाप्तीची विनंती बाजूला पडते, प्रकरण थकबाकीचे होते आणि बोलणी करण्यास फारशी जागा उरत नाही.

लीज म्हणजे कर्ज नव्हे. गाडी लीज कंपनीच्या मालकीची असते आणि आपण तिच्या वापराचे भाडे देतो. वैयक्तिक, व्यवसायेतर कारणासाठी बदलत्या व्याजदराने घेतलेले आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत झालेले कर्ज मुदतीआधी फेडल्यास त्यावर शुल्क आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. मात्र ते कर्जापुरते असल्याने लीजच्या ग्राहकाने त्यांवर विसंबू नये. त्याचे हक्क आणि देणी मुख्यतः करारपत्रातील समाप्तीच्या कलमावरून ठरतात. करारावर आपल्या कंपनीची सही असेल, तर लीज कंपनी आपल्याशी थेट व्यवहार करणार नाही. अशा वेळी राजीनामा देण्यापूर्वीच मनुष्यबळ विभागाशी बोलावे आणि नवी कंपनी तेच लीज पुढे चालवण्यास तयार आहे का, हेही विचारून घ्यावे, कारण तसे झाल्यास समाप्तीचा बराचसा खर्च टळू शकतो.

हिशेब कसा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. लीज ४८ महिन्यांचे, मासिक भाडे २२,००० रुपये आणि मुदतीअखेर गृहीत धरलेली गाडीची किंमत, म्हणजे अवशिष्ट मूल्य, २,५०,००० रुपये आहे. २६ महिने झाले आहेत. उरलेल्या २२ महिन्यांचे भाडे सरळ गुणाकाराने ४,८४,००० रुपये होते आणि तो आकडा पाहूनच अनेकजण खचतात. परंतु ही रक्कम आज एकदम दिली जात असल्याने तिच्यातून पुढील काळाचा वित्तभार, म्हणजे भाड्यात धरलेले व्याज, वजा व्हायला हवा. दरमहा १ टक्का दराने तिचे आजचे मूल्य सुमारे ४,३२,५०० रुपये आणि अवशिष्ट मूल्याचे सुमारे २,००,८०० रुपये, म्हणजे कंपनीचे एकूण येणे ६,३३,३०० रुपये भरते. गाडी ५,४०,००० रुपयांना विकली गेली, तर ९३,३०० रुपयांची तूट आपल्यावर येते. तीच गाडी ६,००,००० रुपयांना गेली, तर तूट ३३,३०० रुपयांवर येते. विक्रीची किंमत हाच ग्राहकाला प्रयत्नाने बदलता येण्यासारखा सर्वांत मोठा आकडा आहे, असे आमचे मत आहे. म्हणून कंपनीने परस्पर लिलाव करण्याआधी स्वतः खरेदीदार आणण्याची परवानगी लेखी मागावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्याआधी लीजवर घेतलेल्या गाडीची बाजारातील किंमत तपासताना हे ध्यानात ठेवावे.

समाप्ती शुल्कावरील जीएसटीबद्दल नेहमी वाद होतो. केंद्र सरकारच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार, लीज मुदतीआधी संपवू देण्याबद्दल घेतलेली रक्कम ही सुविधेचा मोबदला ठरते आणि त्यावर जीएसटी लागतो, मग करारात तिला दंड म्हटलेले असले तरी. मात्र कर कोणत्या रकमेवर आणि किती लावला, हे हिशेबात वेगळे दाखवून घ्यावे.

गाडी परत करताना सर्वाधिक काळजी पावतीची घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) नुसार लीजच्या गाडीबाबत करारान्वये जिच्या ताब्यात गाडी आहे, ती व्यक्ती ‘मालक’ मानली जाते. त्यामुळे गाडी दिल्यानंतर तिच्याकडून अपघात घडला, तर ती नेमकी केव्हा दिली हे सिद्ध करण्याची वेळ आपल्यावर येऊ शकते. तारीख, वेळ, किलोमीटरची नोंद आणि ओरखडे-पोचे यांचा उल्लेख असलेली सहीशिक्क्याची पोच घ्यावी, चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत, थकीत ई-चलन भरावे आणि आपल्या नावाचा फास्टॅग बंद करावा.

गाडी स्वतःच विकत घ्यायची असल्यास पैसे भरून काम संपत नाही. आरसी लीज कंपनीच्या नावावर असेल, तर हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. आरसी आपल्या नावावर असून तीवर लीजची नोंद असेल, तर ती काढण्यासाठी दोघांच्या सह्यांचा नमुना ३५ लागतो. तेलंगण किंवा कर्नाटकात नोंदलेली गाडी असल्यास तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून, इकडे नव्याने नोंदणी करून महाराष्ट्राचा मोटार वाहन कर भरावा लागतो. खरेदीची किंमत ठरवण्यापूर्वीच हा खर्च त्यात धरावा.

मागितलेली रक्कम अवाजवी वाटली, तर प्रथम आकडेवारीसह लेखी हरकत घ्यावी. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी भरपाईच मिळू शकते. करारभंगामुळे झालेल्या नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड लावणारा करार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ‘अनुचित करार’ ठरू शकतो. अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नव्हे, तर राज्य ग्राहक आयोगाकडे करावी लागते आणि त्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. गाडी व्यापारी कारणासाठी घेतलेली असल्यास मात्र हा मार्ग सहसा खुला नसतो. प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळते.

आमच्याकडे येताना संपूर्ण करारपत्र त्याच्या परिशिष्टांसह, आरसी, विम्याची पॉलिसी, भाडे भरल्याचे बँक विवरण आणि लीज कंपनीशी झालेला सर्व ईमेल व्यवहार सोबत आणावा. समाप्तीचा हिशेब अद्याप मागवला नसेल, तर त्यासाठीचे पत्र आम्ही लिहून देऊ.