मेंदूत पसरलेल्या कर्करोगावरील किरणोपचार

फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड यांच्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे मेंदूत पोचून तेथे गाठी धरतात, तेव्हा त्या गाठींवर देण्यात येणारे किरणोपचार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागात लोक याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. अनेक केमो औषधे मेंदूत पुरेशी शिरत नसल्याने येथे किरणांवर मोठी भिस्त असते.

जुनी पद्धत संपूर्ण मेंदूला किरण देण्याची. बहुधा ३० ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रा १० बैठकांत, किंवा २० ग्रे ५ बैठकांत देतात. स्कॅनमध्ये न दिसणारे कणही तिच्या माऱ्यात येतात आणि त्यासाठी फार प्रगत यंत्र लागत नाही. केस गळतात, थकवा येतो. पण खरी किंमत स्मरणशक्तीला मोजावी लागते.

दुसरी पद्धत रेडिओसर्जरी. स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. यात कापाकापी नसते. गॅमा नाइफ (कोबाल्टचे गॅमा किरण वापरणारे यंत्र) किंवा लिनॅक (क्ष-किरण निर्माण करणारे यंत्र) यांतून अनेक दिशांनी आलेले बारीक किरण गाठीवरच एकवटतात. २ सेंमीपर्यंतच्या गाठीला एका बैठकीत साधारण २० ते २४ ग्रे देता येतात. गाठ मोठी असेल तर मात्रा उतरवावी लागते किंवा ३ ते ५ बैठकांत विभागावी लागते. लिनॅकवर उपचार करताना कोमट पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून बसवतात. काही मिनिटांत ती घट्ट होते आणि डोके जवळपास हलू देत नाही. काही रुग्णांत पुढे गाठीभोवतीचा मेंदूचा भाग मृत होतो. त्याची सूज नव्या गाठीसारखीच दिसते.

एक ते चार गाठींच्या रुग्णांवरील जपानी चाचणीत (२००६) रेडिओसर्जरीला संपूर्ण मेंदूच्या किरणांची जोड दिल्याने आयुष्य वाढले नाही. मात्र जोड नसलेल्यांत मेंदूत नव्या गाठी अधिक आल्या. २०१६ च्या अमेरिकी चाचणीत तीन महिन्यांनी बौद्धिक क्षमता घटलेल्यांचे प्रमाण केवळ रेडिओसर्जरीत सुमारे ६४ टक्के, तर दोन्ही उपचारांत ९२ टक्के होते. म्हणून गाठी मोजक्या असल्यास संपूर्ण मेंदूला सरसकट किरण देणे आज समर्थनीय नाही. गाठी विखुरलेल्या असतील तेव्हा स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस वगळून किरण देता येतात आणि स्मरणशक्ती जपण्यासाठी मेमँटिन हे औषध जोडीला देतात. फुप्फुसाच्या कर्करोगाने फार खंगलेल्या रुग्णाला मात्र स्टेरॉइड व शुश्रूषाच पुरेशी ठरू शकते.

रेडिओसर्जरीनंतर दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करावा लागतो. तो चुकला तर नवी गाठ फिट येईपर्यंत कळणारही नाही, असे होऊ शकते. खानापूरच्या जंगलपट्टीतून भातलावणीच्या दिवसांत रुग्णासोबत कोण येणार, हा प्रश्नही म्हणूनच पद्धत निवडताना विचारायला हवा. बेळगावात किरणोपचार मिळतात. तरी बरेच रुग्ण कोल्हापूर, हुबळी किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली. एका राज्यात सुरू झालेला उपचार दुसऱ्या राज्यात पुढे न्यायचा तर आधीची किरणमात्रा, बैठका आणि मेंदूचा नेमका भाग यांची नोंद, तसेच एमआरआयची सीडी सोबत लागते; त्यांवाचून पुन्हा किती किरण सुरक्षितपणे देता येतील, हे डॉक्टरांना ठरवता येत नाही.