पार्श्वभूमी: ‘द जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’ आणि पुरवणीचा वाद

ऑगस्ट २०१० मध्ये ‘द जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’च्या संपादकांनी एक निर्णय जाहीर केला. १ नोव्हेंबरपासून येणाऱ्या शोधनिबंधांसोबत पुरवणी साहित्य, म्हणजे निबंधाबाहेर संकेतस्थळावर ठेवल्या जाणाऱ्या जादा आकृत्या, तक्ते आणि प्रयोग, घेतलं जाणार नाही. जे सांगायचं ते निबंधातच सांगा. मज्जासंस्थेच्या अभ्यासाशी संबंध नसलेल्याला यात विशेष काही दिसणार नाही. या क्षेत्रात मात्र त्यावर जोरदार वाद झडले. ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

मेंदूविषयक नियतकालिकं जुनीच. लंडनहून ‘ब्रेन’ १८७८ मध्ये सुरू झालं. दहा वर्षांनी, मे १८८८ मध्ये, स्पेनमधल्या एका शरीररचनाशास्त्रज्ञाला आपली निरीक्षणं छापायला कुणी मिळेना, तेव्हा त्याने स्वतःच्या खिशातून एक त्रैमासिक काढलं. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या ६०. पक्ष्यांच्या लहान मेंदूतल्या पेशींची चित्रं त्याने स्वतः काढली आणि त्या प्रती परदेशातल्या जाणकारांना पाठवल्या. चेतापेशी सुट्या असतात, त्यांचं सलग जाळं नसतं, ही आज शाळेत शिकवली जाणारी गोष्ट त्या पानांतून पुढे आली. तेव्हा छापण्याआधी निबंध तपासणारे परीक्षक नव्हते, पुरवण्याही नव्हत्या. पुरावा म्हणजे ते चित्र आणि खालचा मजकूर.

विसाव्या शतकात या विषयाचे तुकडे पडले. रचनेचा अभ्यास करणारे एका नियतकालिकाकडे, विद्युत्‌संकेत मोजणारे दुसरीकडे, औषधांवर काम करणारे आणि मानसशास्त्रज्ञ आणखी कुठे. ‘न्यूरोसायन्स’ हा शब्द रुळला तो १९६० च्या दशकात, आणि तोही या सगळ्यांना एका छपराखाली आणायच्या गरजेतून. अमेरिकेतल्या संशोधकांची संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली. तिच्या १९७१ च्या पहिल्या अधिवेशनाला जेमतेम १,४०० लोक होते. आपलं नियतकालिक काढायला तिला आणखी दहा वर्षं लागली. तेच हे ‘द जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’. जानेवारी १९८१ पासून ते मासिक म्हणून निघू लागलं, पुढे पाक्षिक झालं आणि मग साप्ताहिक.

त्याची शिस्त वेगळी होती. सारांशाला २५० शब्द, चर्चेला १,५०० शब्द, पण ‘साहित्य आणि पद्धती’ या भागाला मर्यादा नाही. मला ही बाब फार मोलाची वाटते. पानं वाचवायची तर लेखकाच्या मतांची वाचवा, प्रयोग कसा केला हे सांगताना काटकसर नको. बऱ्याच नामांकित नियतकालिकांत नेमकं उलटं होतं. निष्कर्ष झोकात समोर यायचा आणि इलेक्ट्रोड नेमका कुठे बसवला, किती प्राण्यांवर प्रयोग झाला, कोणते वगळले आणि का, हे सगळं मागच्या दाराने पुरवणीत जायचं.

पुरवणी आली ती इंटरनेटबरोबर, आणि सुरुवातीला हेतू चांगलाच होता. कागदावर चलत्‌चित्र छापता येत नाही. हजार ओळींचा तक्ता कोणी छापत नाही. अशा गोष्टी संकेतस्थळावर ठेवायला कुणाची हरकत असणार? पण जागा फुकट झाली की तिच्यात काय भरायचं याला धरबंध राहत नाही. परीक्षक म्हणायचे, हा आणखी एक प्रयोग करून दाखवा. लेखक तो करायचे, मूळ निबंधात जागा नसायची, म्हणून पुरवणीत टाकायचे. मग हुशार लेखक परीक्षकांच्या मागण्यांचा अंदाज घेऊन आधीच दहा-बारा जादा आकृत्या तयार ठेवू लागले. तेवढं साहित्य समोर आलं की परीक्षकांना आणखी प्रश्न सुचायचे. एकेका निबंधाला महिनोन्महिने लागत, आणि हे जादा प्रयोग करण्यात विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षं जात. पुरवणीचा आकार मूळ निबंधाला गाठू लागला होता.

वाचकाच्या बाजूने पाहा. तिसऱ्या आकृतीखाली वाक्य येतं: ‘नियंत्रण प्रयोगासाठी पुरवणी आकृती ७ पाहा.’ निबंध बाजूला ठेवायचा, वेगळी फाइल उतरवायची, तिच्यात सातवी आकृती शोधायची. सापडली की कळतं, तिची पद्धत पुरवणीतल्याच दुसऱ्या परिच्छेदात आहे. परत येईपर्यंत मूळ वाक्य डोक्यातून गेलेलं असतं. आणि ज्या नियंत्रण प्रयोगावर, म्हणजे परिणामामागे दुसरं काही कारण नाही ना हे पाहणाऱ्या प्रयोगावर, निष्कर्ष उभा आहे, तोच जर पुरवणीत असेल, तर त्याची छाननी किती बारकाईने झाली असेल? परीक्षकही माणसंच. चाळीस पानांच्या जोडपत्राच्या शेवटापर्यंत त्यांची नजर तितकीच तीक्ष्ण राहील, ही अपेक्षा खरी नव्हे. संपादकांचा मुख्य मुद्दा हाच होता: शोधनिबंध स्वयंपूर्ण हवा, आणि ज्याची नीट तपासणी झालेली नाही त्यावर नियतकालिकाची मोहोर नको.

विरोधकांच्या बाजूलाही वजन होतं. कच्ची माहिती खुली करा, अशी हाक दिली जात असताना हे दार बंद का करायचं, असं ते विचारत. संपादकांनी एक पळवाट ठेवली होती. लेखकांनी जादा साहित्य स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावं आणि निबंधात तळटीपेत पत्ता द्यावा. माझ्या मते निर्णयातला कच्चा दुवा तो हाच. प्रयोगशाळेचं संकेतस्थळ एखादा विद्यार्थी सांभाळतो, तो पदवी घेऊन गेला की पान मरतं. तळटीप मात्र कायम राहते, कुठेही न पोचणारी.

या वादात खरा गुंता ‘पुरवणी’ या एका शब्दाने केला. तीन वेगळ्या गोष्टींना तो एकच शब्द वापरला जात होता. एक, कच्ची माहिती, म्हणजे पेशींच्या नोंदी, मेंदूची छायाचित्रं, आकड्यांचे तक्ते. दुसरी, कागदावर न मावणारी चलत्‌चित्रं. तिसरी, जादा प्रयोग आणि त्यांचे निष्कर्ष. पहिलीला कायमचं कोठार हवं. दुसरी थेट निबंधातच बसवता येते, आणि या नियतकालिकाने तसं केलंही. तिसरी हा युक्तिवादाचाच भाग. ती निबंधात यावी, नाहीतर येऊच नये. बंदीचा रोख तिसरीवर होता, विरोध पहिलीसाठी होता.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, आलेल्या एका पाहणीने बारीक तपासणी का हवी हे दाखवून दिलं. पाच आघाडीच्या नियतकालिकांमधले मज्जासंस्थेवरचे ५१३ निबंध तपासले गेले, त्या पाचांत ‘द जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’ही होतं. दोन परिणामांची तुलना करताना एक विशिष्ट चूक होऊ शकेल असे १५७ निबंध निघाले आणि त्यातल्या ७९ मध्ये ती झालेली होती. चूक साधीच: एका गटात फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग वाटू नये इतका) आहे, दुसऱ्यात नाही, म्हणून दोन गट वेगळे, असं मानायचं, प्रत्यक्ष दोन गटांची आपसात तुलना करायचीच नाही. हे निबंध तज्ज्ञांच्या परीक्षणातून पार झालेले होते.

२०१४ मध्ये त्याच संघटनेने ‘ईन्यूरो’ हे सर्वांना खुलं असलेलं भावंड सुरू केलं. त्यात परीक्षकांना लेखकाचं नाव कळत नाही. परीक्षक आणि संपादक आधी आपसात बोलतात आणि लेखकाला एकच एकत्रित पत्र जातं. जादा प्रयोगांच्या परस्परविरोधी याद्या येण्याचं मूळ यामुळे बरंचसं तुटतं.

पुरवणीवरची बंदीही पुढे जशीच्या तशी राहिली नाही. आता ‘विस्तारित माहिती’ देता येते, पण अटीवर: तिचीही परीक्षकांकडून तपासणी होते आणि प्रत्येक जादा आकृती मुख्य आकृतीला बांधलेली असते. तिसऱ्या आकृतीला पूरक आकृती असेल तर तिचा क्रमांक ३-१. सुटी ‘पुरवणी आकृती ७’ तिथे नाही.