माठातलं पाणी आणि अंधारातली निगेटिव्ह

एप्रिलच्या दुपारी लातुरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. फिल्म धुण्याच्या वेळा मात्र २० अंश सेल्सिअसच्या पाण्याला धरून छापलेल्या असतात. चार बाय पाच इंचाची शीट फिल्म (मोठ्या कॅमेऱ्यातली, सुट्या पानांची) घरच्या मोरीत, ट्रेमध्ये धुवायची तर आपल्याकडे पहिला प्रश्न रसायनांचा नसतो, पाण्याचा असतो.

फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक. प्रकाश पडलेल्या स्फटिकावर चांदीच्या अवघ्या काही अणूंचा ठिपका तयार होतो. तो कुठल्याही डोळ्याला दिसत नाही. डेव्हलपर हे रसायन त्या ठिपक्यापासून सुरुवात करून अख्ख्या स्फटिकाची काळी चांदी करतो. प्रकाश न लागलेले स्फटिकही डेव्हलपरमध्ये फार वेळ राहिले तर काळे पडू लागतात, फक्त सावकाश. म्हणजे चित्र उमटतं ते या दोन वेगांमधल्या फरकामुळे, आणि फिल्म योग्य क्षणी बाहेर काढणं हेच खरं कौशल्य.

उष्णतेनं ही सगळी क्रिया वेगावते. २० अंशांना १० मिनिटं लागत असतील तर २४ अंशांना साधारण ७ पुरतात. तिथवर ठीक. वेळ ५ मिनिटांच्या खाली गेली की फिल्मवर डाग आणि पट्टे दिसायला लागतात, कारण डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचण्याआधीच काम उरकलेलं असतं. शिवाय कोमट पाण्यात जिलेटिन फुगून इतकं मऊ होतं की नखाचा स्पर्शही कायमचा ओरखडा ठेवून जातो.

ट्रेमध्ये हीच भीती मोठी. पाच-सहा शीट एकावर एक असतात. आधी साध्या पाण्यात एकेक करून भिजवायच्या, नाहीतर कोरड्या शीट एकमेकींना चिकटून बसतात. मग डेव्हलपरमध्ये सगळ्यात खालची अलगद ओढून वर ठेवायची, पुन्हा खालची वर, असं वेळ संपेपर्यंत. सगळ्या रंगांच्या प्रकाशाला संवेदनशील असलेल्या फिल्मला लाल दिवाही चालत नाही, त्यामुळे सगळं बोटांच्या भरवशावर. शीट उभी धरली आणि कोपऱ्यावरच्या खाचा उजवीकडे वर आल्या की थराची बाजू आपल्याकडे आहे, हे बोटांना कळतं. हातमोजे घालाच, डेव्हलपरमधल्या मेटॉलमुळे अनेकांच्या कातडीला त्रास होतो.

आता पाणी. मी रसायनं माठातल्या पाण्यात कालवतो आणि ट्रे ओल्या फडक्यावर ठेवतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एक अंशानं थंड होतं. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असली तर बाष्पीभवनानं पाणी २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. माठ त्याच्या थोडा वर थांबतो. आपला कोरडा उन्हाळा इथं उपयोगी पडतो. जुलैमध्ये मात्र हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की हीच मर्यादा २६ वर येते. माठ जवळजवळ निकामी. म्हणून मला फिल्म धुवायला श्रावणापेक्षा चैत्र बरा वाटतो. पावसाळ्यात बर्फाची पिशवी बाहेरच्या परातीत ठेवतो. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो. एका ट्रेमधून दुसऱ्यात जाताना तापमान फार बदललं तर जिलेटिनला जाळीसारख्या सुरकुत्या पडतात, म्हणून हायपो (उरलेले स्फटिक विरघळवून टाकणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही त्याच माठातलं.

हायपोत दुधी थर विरघळून फिल्म पारदर्शक झाली की जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ ती तिथं ठेवायची. नंतर हायपो पूर्ण निघायला हवा, नाहीतर निगेटिव्ह काही वर्षांत पिवळी पडते. यासाठी नळ तासभर सोडून ठेवण्याची रीत मी पाळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या शहरात ते मनाला पटतही नाही, आणि विज्ञानालाही त्याची गरज नाही. हायपो जिलेटिनमधून बाहेर येतो तो विसरणानं, म्हणजे जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे. आतलं आणि बाहेरचं प्रमाण सारखं झालं की तेच पाणी आणखी तासभर ठेवून काही निघत नाही. पाणी बदललं की पुन्हा निघू लागतं. अर्धा लिटर पाणी, पाच मिनिटं, अधूनमधून ट्रे हलवणं, असं सहा वेळा. तीन लिटरांत काम होतं.

शेवटचं पाणी बोअरचं नको. त्यातला चुना वाळताना पांढरे ठिपके सोडतो. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. वाळत घालावं रात्री, वारा पडल्यावर, कारण दिवसा ओल्या थरावर धूळ बसते आणि ती मग निघत नाही.

वापरलेल्या हायपोत चांदी विरघळलेली असते. तो झाडांना घालू नये, मोरीतही ओतू नये. शौचखड्ड्यातल्या जिवाणूंना त्याचा अपाय होऊ शकतो. मी तो झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात लोखंडाच्या बारीक तारेच्या चोथ्यावर ओतून ठेवतो. लोखंड विरघळतं, चांदी मागे राहते, आणि काही दिवसांत डब्याच्या तळाशी काळा गाळ दिसू लागतो.