दुहेरी अक्षरं: ठशातली आणि धक्क्याची

‘डबल अक्षराचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ असले व्हिडिओ खानापूर, निपाणी, बेळगाव सगळीकडच्या ग्रुपवर फिरतात आणि लोक गल्ल्यातली चिल्लर चाळायला बसतात. शोधलं की असं एखादं नाणं हाती लागतंही. सालाच्या आकड्याला किंवा ‘भारत’च्या काठाला सावलीसारखी दुसरी कड दिसते. ती नजरेचा भास नसते. पण ती ठसा घडतानाच आली की नाणं पाडताना, हे बघितल्याशिवाय त्या नाण्याबद्दल काहीच बोलता येत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्रेसवर काम केलेल्यांना हे पटकन उमगेल. नाण्यावर अक्षरं उठावाची असतात, म्हणजे डायमध्ये, नाणं पाडायच्या ठशात, ती खोल आणि उलटी हवीत. प्रत्येक डाय हाताने कोरत नाहीत. आधी पोलादाचा एक ‘हब’ बनवतात. त्यावरची नक्षी नाण्यासारखीच उठावाची. भट्टीत मऊ केलेल्या पोलादी तुकड्याच्या तोंडावर हा हब थंड अवस्थेतच प्रचंड दाबाने रेटला, की खोल नक्षीचा डाय मिळतो. अडचण अशी, की थंड पोलाद दाबलं जाताना कडक होत जातं. नक्षी पुरती उतरण्याआधीच ते दबेनासं होतं. म्हणून जुन्या पद्धतीत डाय काढायचा, तापवून सावकाश निववायचा, मऊ झाला की पुन्हा हबखाली धरायचा. या दुसऱ्या खेपेला तो केसभर जरी फिरला, तरी पहिल्या अक्षरांच्या अंगाला दुसरी अक्षरं उमटतात. डाय मग पुन्हा कडक करतात आणि ही चूक त्यात कायमची बसते.

अशा डायखाली आलेल्या प्रत्येक नाण्याचा धातू दोन्ही खाचांत शिरतो. त्यामुळे दोन्ही अक्षरं गोलसर, भरीव उठतात, एकूण अक्षर नेहमीपेक्षा रुंद होतं आणि त्याच्या टोकांना बारीक खाच पडून दोन कोपरे वेगळे दिसतात. हाच खरा ‘डबल डाय’. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया टांकसाळीचा १९५५ चा एक सेंट त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याचं साल आणि अक्षरं भिंगाशिवायही दुहेरी दिसतात. अशी वीस हजारांहून जास्त नाणी बाजारात गेली असं मानतात.

आपल्या चिल्लरीत सापडतो तो प्रकार बहुतेक वेळा दुसराच असतो. तिथे डाय निर्दोष असतो, पण प्रेसमध्ये सैल बसलेला असतो. ठोका पडतो, अक्षरं नीट उठतात आणि डाय सुटता सुटता किंचित बाजूला सरकतो. ओल्या सिमेंटवरच्या उठावाच्या अक्षराला थापी घासावी, तसा अक्षराचा काठ खाली दाबला जातो. नवी भर पडत नाही, असलेलं अक्षरच तासलं जातं. म्हणून ती दुसरी कड सपाट, चकचकीत आणि पायरीसारखी खाली, नाण्याच्या पृष्ठालगत असते आणि मूळ अक्षर बारीक होतं. पुढच्याच नाण्यावर ही कड कमी, जास्त किंवा अजिबात नसू शकते.

या व्हिडिओंच्या शेजारीच ‘तांदूळ ओढणारं’ नाणं आणि ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून १८१८ सालचं हनुमानाचं नाणंही विकायला असतं. कंपनीने हनुमानाचं असं नाणं पाडलंच नाही, आणि तांदूळ ओढणारं तांबं रसायनशास्त्राला ठाऊक नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेण्याच्या आमिषांविरुद्ध खुद्द बँकेने २०२१ मध्ये इशारा दिला आहे. नोंदणीचे पैसे आधी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

तपासायचं असेल तर दहापट भिंग घ्या, उजेड एका बाजूने येऊ द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. शेजारी त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं साधं नाणं ठेवा: सालाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. दोन्हींवरच्या एकाच अक्षराची रुंदी ताडून बघा. रुंदी वाढलेली, टोकाला खाच, आणि अगदी तशीच दुहेरी कड आणखी एका नाण्यावर, असं जुळलं तर ती दोन्ही नाणी न घासता, न धुता बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा.