‘शंभर किलो’च्या अटीमागचा घोळ

ओला कचरा सोसायटीने किंवा हॉटेलने आपल्या आवारातच जिरवावा, ही सक्ती तशी अलीकडची. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला, पुढे कचऱ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००० मध्ये देशभरासाठी नियम झाले. त्यांचा भर महापालिकांच्या जबाबदारीवर होता.

खरा बदल एप्रिल २०१६ चा. त्या वर्षीच्या सुरुवातीला देवनारचे डम्पिंग ग्राउंड वारंवार पेटले होते आणि उच्च न्यायालयाने मुंबईतल्या नव्या बांधकामांना चाप लावला होता. नव्या नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांचा वेगळा वर्ग केला. घोळ झाला तो इथे. त्याच नियमांत ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांसाठी वेगळी तरतूद होती. पण क्षेत्र भूखंडाचे की बांधकामाचे, याचा खुलासा नव्हता. मुंबईत २०१७ मध्ये ओला कचरा आवारातच जिरवण्याच्या सक्तीसाठी २०,००० चौरस मीटर किंवा १०० किलो असा निकष लागला. २ ऑक्टोबरची मुदत ठरली, मग मुदतवाढी सुरू झाल्या.

वजनाचा निकष तर आणखी निसरडा. रोज तोलणार कोण? माणशी साडेचारशे ग्रॅम आणि घरात चौघे धरले, तरी ५६ फ्लॅटमध्येच शंभरी ओलांडते. म्हणजे ‘आम्ही त्यात बसत नाही’ असे उत्तर देणाऱ्या कितीतरी सोसायट्या प्रत्यक्षात बसत होत्या. २००७ नंतरच्या अनेक इमारतींना परवानगी देतानाच गांडूळखताच्या खड्ड्याची अट घातलेली होती; काही ठिकाणी त्या जागी गाड्या उभ्या राहिल्या.

कमिट्यांच्या अडचणीही खऱ्या होत्या. खत करणाऱ्या मशीनची किंमत, वीजबिल, कल्चर (कचरा कुजवणारे जिवाणू) आणि भुशाचा खर्च, पावसाळ्यातला वास. ड्रममध्ये एक डायपर गेला तरी हाउसकीपिंगच्या माणसाला तो हाताने काढावा लागतो. तरीही आकड्यांवरून वाद घालण्यात जी वर्षे गेली, ती टाळता आली असती.

१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नियमांत बांधकामाचे २०,००० चौरस मीटर क्षेत्र, दिवसाला ४०,००० लिटर पाणी किंवा १०० किलो कचरा, यांपैकी एक निकष लागू झाला तरी जास्त कचरा करणाऱ्यांच्या वर्गात मोडायला पुरे. पाण्याला मीटर असतो, त्यामुळे तो आकडा लपवणे अवघड. ओला आणि सुका यांच्या जोडीला सॅनिटरी आणि घातक घरगुती कचराही आता वेगळा द्यायचा आहे.