आकडा बरोबर, एकक वेगळं

मीटरवर उपाशीपोटी साखर ११८ आली, की मधुमेही माणूस मोबाइल उघडतो. समोर ब्रिटनमधली माहिती येते: जेवणाआधी साखर ४ ते ७ हवी. माणूस हादरतो. तिकडे साखर मिलिमोल प्रतिलिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरमध्ये. १८ ने गुणा: ४ ते ७ म्हणजे ७२ ते १२६. ११८ त्यात आरामात बसते.

इन्सुलिनमध्ये मात्र असा घोळ जिवावर बेततो. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रतिमिलिलिटर असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. परदेशी व्हिडिओत दिसतं ते १०० युनिटचं, सिरिंज केशरी टोपीची. आपल्या पेनमधलं इन्सुलिनही १०० चंच. पेन बिघडलं म्हणून कुणी त्यातलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत ओढलं, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट अंगात जातात. उलट ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं तर जेमतेम ८ युनिट. मग साखर उतरत नाही आणि लोक डोस वाढवत सुटतात. कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई टोचू नका. घाम, थरथर आणि साखर ७० च्या खाली असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. थेट दवाखाना गाठावा.

‘तीन महिन्यांची साखर’ सांगणाऱ्या एचबीए१सीचीही अशीच गोष्ट आहे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, या हिशेबावर ती चाचणी उभी आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. हा आजार जास्त आढळतो त्या गडचिरोली, नंदुरबारकडच्या रुग्णांनी हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं. लोहाच्या कमतरतेत तो उलट खोटा वाढू शकतो.

कारल्याच्या रसाबद्दल वाचून तो सुरू केला असेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका. साखर उतरवणाऱ्या गोळीच्या जोडीला तो घेतला तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा मुलाचं इन्सुलिन ‘नैसर्गिक उपाया’साठी थांबवणं तर सर्वांत घातक: एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचतं, उलट्या, पोटदुखी आणि धाप सुरू होते.

तपासणीला जाताना मीटर, कुपी आणि सिरिंज पिशवीत घालून न्या, आणि मोबाइलवर वाचलेलं पान उघडून डॉक्टरांसमोर धरा.