वेठबिगारीतून मुक्ततेचा दाखला : अर्ज कोणी, कुठे आणि कसा करावा

दसरा-दिवाळी आटोपली की पुसद, महागाव, उमरखेड, मानोरा, लोणार, सिंदखेडराजा या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मजूर धानाचा हंगाम उरकून मिरची तोडायला तेलंगणात उतरतात आणि मेळघाटातील कोरकू कुटुंबे वीटभट्ट्यांची व बांधकामांची वाट धरतात. ऊसतोड आणि वीटभट्टी या दोन्ही कामांत निघण्याआधीच उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, हाती पडण्याची रीत आहे. मजुराने उचल घेणे हा गुन्हा नव्हे. मात्र त्या उचलीच्या जोरावर त्याला कामावर अडकवून ठेवले, तर कायद्याच्या भाषेत ती वेठबिगारी ठरते आणि अशा मजुराला शासनाकडून मुक्ततेचा दाखला व पुनर्वसनाचे साहाय्य मागण्याचा हक्क मिळतो. सरकारी कागदांत याला कधी वेठबिगार तर कधी बंधबिगार म्हटलेले असते. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असल्याने अर्जात कोणताही वापरला तरी चालतो.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ हा कायदा २५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आल्याचे मानले जाते. त्यातील व्याख्येचा गाभा असा : स्वतः घेतलेली उचल, आईवडिलांच्या नावावरचे जुने कर्ज किंवा रूढीने चालत आलेले एखादे ओझे यांपायी माणूस काम करीत असेल, आणि त्यामुळे त्याला किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळत असेल, किंवा दुसरीकडे कामाला जाण्याची, मोकळेपणाने कुठेही फिरण्याची अथवा स्वतःच्या श्रमाचा माल बाजारभावाने विकण्याची मुभा उरली नसेल, तर तो वेठबिगार आहे. या सगळ्या गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असाव्या लागत नाहीत. उचलीसोबत यांपैकी एकही असली तरी पुरते. दोरीने बांधले होते का, मारहाण झाली का, असे प्रश्न चौकशीत हमखास येतात. त्यांचे उत्तर ‘नाही’ असले तरी अर्ज फेटाळला जाण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या (आशियाई क्रीडा स्पर्धांच्या) बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हे संविधानाच्या अनुच्छेद २३ मधील सक्तीचे श्रमच होत, असे स्पष्ट केले आहे. पोटाची निकडही माणसाला बांधून ठेवू शकते, हे त्या निकालामागील तत्त्व आहे.

आपल्याकडच्या सालगड्याचा प्रश्न इथे वेगळा काढून पाहावा लागतो. गुढीपाडव्याला साल धरले, रक्कम व धान्य ठरले आणि पुढच्या पाडव्याला हिशेब होऊन माणूस मोकळा झाला, तर तो करार आहे आणि मजुरी किमान वेतनाइतकी असेल तर त्याला वेठबिगारी म्हणता येणार नाही. परंतु आजारपणासाठी वा लग्नकार्यासाठी घेतलेले पैसे पाडव्याला फिटले नाहीत म्हणून पुढचे साल त्याच मालकाकडे, मालक सांगेल त्या भावात धरावे लागत असेल, तर तो सालगडी या कायद्याच्या कक्षेत येतो. मजूर निघून जायला मोकळा आहे, मजुरीही किमान दराने ठरली आहे, केवळ शेवटचा हप्ता थकला आहे, अशी तक्रार असेल तर ती सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे मजुरी वसुलीसाठी करावी. अशा तक्रारीत वेठबिगारीचा अर्ज दिल्याने महिने वाया जातात.

अर्ज मजूर स्वतः देऊ शकतो. त्याच्या वतीने नातेवाईक, ग्रामपंचायत, संस्था किंवा कोणताही नागरिक देऊ शकतो. तोंडी माहितीवरूनही चौकशी सुरू होऊ शकते, पण लेखी अर्ज दिलेला बरा, कारण पुढे सगळे त्या कागदावर उभे राहते. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अथवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या नावे करावा आणि प्रती पोलीस ठाणे, सहायक कामगार आयुक्त व जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांना द्याव्यात. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. “साहेब दौऱ्यावर आहेत, नंतर या,” असे उत्तर मिळाले तरी आवक शाखेला अर्ज स्वीकारावाच लागतो. वेठबिगारीला बळी पडलेल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधता येतो. माणसे अजून कामाच्या जागीच अडकलेली असतील तर ११२, आणि मुले असतील तर १०९८.

काम दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असेल तेव्हा मोठा गोंधळ होतो. ज्या ठिकाणी माणूस अडकला, तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्याने वा उपविभागीय दंडाधिकाऱ्याने चौकशी करून दाखला द्यायचा असतो आणि पुनर्वसन मूळ गावच्या जिल्ह्यात होते. म्हणून घाटंजी तालुक्यातील एखादे जोडपे सोलापूर जिल्ह्यात अडकले असेल तर मुख्य अर्ज सोलापूरला आणि त्याची प्रत यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांना, अशी मांडणी करावी. माणसे जीव वाचवून रातोरात गावी परतली असतील, तरी हक्क बुडत नाही. अशा वेळी आपल्या जिल्ह्यात अर्ज देऊन, जबाब इथे नोंदवून तो कामाच्या जिल्ह्याकडे पाठवावा, अशी स्पष्ट विनंती अर्जात करावी.

अर्जाची भाषा

अर्जात कोणते शब्द पडतात यावर पुढचे बरेच काही ठरते. “मुकादमाने (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने) आमची मजुरी दिली नाही, तरी ती मिळवून द्यावी,” एवढेच लिहिले, तर तो मजुरीचा वाद समजून कामगार कार्यालयाकडे वर्ग होतो आणि वेठबिगारीची चौकशी सुरूच होत नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचा अर्ज साधारण असा असावा : “दि. १२ ऑक्टोबर रोजी मुकादमाने आमच्या घरी येऊन मला व माझ्या पत्नीला मिळून ऐंशी हजार रुपये उचल दिली व कोऱ्या मुद्रांकावर दोघांचे अंगठे घेतले. आम्ही दोघे पहाटे चारपासून ऊस तोडत होतो. मला ताप आल्यामुळे चार दिवस काम झाले नाही, त्याचा खाडा उचलीत चढवला. दि. ५ जानेवारी रोजी मुलीच्या आजारपणासाठी गावी जाऊ द्या असे म्हटले असता, ‘आधी उचल फिटू दे’ असे सांगून आमची आधार कार्डे परत दिली नाहीत.” यात उचल आहे, तारीख आहे, बाईच्या श्रमाची नोंद आहे आणि जायला मज्जाव केल्याचा प्रसंग आहे. पुढे एकच वाक्य जोडावे : आम्ही वेठबिगार असल्याचे घोषित करून प्रत्येकाला स्वतंत्र मुक्तता प्रमाणपत्र द्यावे.

कागदपत्रांत आधार कार्ड, शिधापत्रिका, बँक पासबुक, फोटो, असल्यास जातीचा दाखला, ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र, मुलांच्या वयासाठी शाळेचा दाखला आणि अपंगत्व असल्यास त्याचे प्रमाणपत्र, एवढे गोळा करावे. मालकाने कागद ठेवून घेतले असतील तर तसे अर्जात लिहावे. ओळखीचे कागद नाहीत म्हणून सुटका किंवा चौकशी अडवता येत नाही.

पुराव्याबाबत मजूर विनाकारण धास्तावलेले असतात. उचल ही वेठबिगारीची उचल नव्हती, हे सिद्ध करण्याचा भार १९७६ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार उचल देणाऱ्यावर असतो. सक्तीचे श्रम दिसून आले की त्यामागे उचल किंवा तत्सम देणे आहे असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेच्या प्रकरणातही म्हटले आहे. तरीही जे हाताशी असेल ते जोडावे : मुकादमाच्या वहीच्या पानाचा फोटो, फोनवरून आलेल्या पैशांची नोंद, ट्रॅक्टर वा ट्रकचा क्रमांक, काट्याची पावती, मुकादमाचे धमकीचे बोलणे. वीटभट्टीवरच्या माणसांनी तर एक वीटच सोबत आणावी. बहुतेक भट्ट्यांच्या विटेवर मालकाच्या नावाची आद्याक्षरे किंवा एखादे चिन्ह ठशाने उमटवलेले असते. भट्टी कुणाची, हे सांगायला त्याहून बोलका कागद मिळणार नाही.

चौकशी आणि दाखला

जबाब मालक, मुकादम व त्यांच्या माणसांपासून दूर, एकेकाचा स्वतंत्र नोंदवला जावा, अशी मागणी करावी. गोंडी, कोरकू, कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारणारा दुभाषी हवा, हेही आधीच लेखी मागून ठेवावे. जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल नवऱ्याच्या नावावर, वहीत नवऱ्याचे नाव, आणि मग दाखलाही त्याच्याच नावाचा निघतो. पहाटे मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी बाई कागदावर कुठेच नसते. हा अन्याय तर आहेच, शिवाय पैशाचाही मोठा तोटा आहे, कारण केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख रुपये मिळतात, तर स्त्रीला व बालकाला प्रत्येकी दोन लाख. कायद्याने कुटुंबातील माणसाकडून करून घेतलेले कामही वेठबिगारीत धरले आहे. त्यामुळे राबलेल्या प्रत्येकाचे नाव अर्जात लिहून प्रत्येकाचा वेगळा दाखला मागावा. दाखला हाती आला की नावाचे स्पेलिंग आधार कार्डाशी जुळते का, कामाचे ठिकाण व कालावधी लिहिला आहे का, उचल रद्द झाल्याचा उल्लेख आहे का आणि सही-शिक्क्यासह जावक क्रमांक आहे का, हे तिथेच उभे राहून तपासावे. एका काना-मात्रेच्या फरकाने बँक खात्यात पैसे अडकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

गुन्हा नोंदवताना फक्त १९७६ च्या कायद्यावर थांबू नये. त्यातील मुख्य शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड एवढीच असून गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र आहे. फसवून किंवा धाकाने नेले असेल तर भारतीय न्याय संहितेचे मानवी तस्करीचे कलम १४३ लागू शकते, ज्यात किमान सात वर्षांची शिक्षा आहे. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असून आरोपी त्या प्रवर्गांबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(ज)ही लावून घ्यावे. त्याखाली स्वतंत्र अर्थसाहाय्य मिळते.

पैसे कधी मिळतात

सुधारित केंद्रीय योजनेनुसार सुटकेनंतर जिल्हा प्रशासन तीस हजार रुपयांपर्यंत तातडीचे साहाय्य देते आणि त्याचा खटल्याच्या निकालाशी काहीही संबंध नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे किमान दहा लाखांचा पुनर्वसन निधी असावा, अशी योजनेत तरतूद आहे. मोठी रक्कम म्हणजे एक लाख, दोन लाख, आणि तृतीयपंथी व्यक्ती, अपंग, तस्करीतून वा लैंगिक शोषणातून सुटलेल्या स्त्रिया व बालके यांना तीन लाख. ही मात्र वेठबिगारी न्यायप्रक्रियेत सिद्ध होण्याशी जोडलेली आहे. ही अट अनेकांना मारक ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही खटला संपला नाही म्हणून प्रस्तावच पाठवायचा नाही, असे योजना म्हणत नाही. प्रथमदर्शनी वेठबिगारी दिसली की प्रस्ताव पाठवता येतो, आणि हे वाक्य स्मरणपत्रात जसेच्या तसे लिहावे. याशिवाय घरकुल, शेतजमीन, शिधापत्रिका, रोजगार हमीचे काम, मुलांचे शिक्षण यांचाही पुनर्वसनात समावेश असल्याने ते वेगळ्या अर्जाने मागावे.

माल कुठे गेला, तेही लिहावे

अर्जात मुकादमाच्या नावावर थांबू नये. ऊस कोणत्या कारखान्याच्या काट्यावर गेला, विटा कोणाच्या बांधकामावर उतरल्या, कापसाच्या गाठी कोणत्या जिनिंगमधून निघाल्या, हेही लिहावे. ठेकेदाराने बुडवलेली मजुरी देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येऊ शकते, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण दूरचे आहे, पण आता खरे आहे. ब्रिटनने २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करून तीन कोटी साठ लाख पौंड वा त्याहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीबाबत दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करणे भाग पाडले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार सक्तीच्या श्रमातून बनलेला माल १४ डिसेंबर २०२७ पासून तिथल्या बाजारात विकता येणार नाही. भारतातही शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने सर्वांत मोठ्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना सक्तीच्या श्रमाविषयीच्या तक्रारी वार्षिक अहवालात दाखवण्यास सांगितले आहे. या नियमांतून मजुराला थेट एक रुपयाही मिळत नाही. पण जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दाखल्यात कारखान्याचे नाव आले, की “आमच्या साखळीत असे काही नाही” हे कंपनीचे वाक्य टिकणे कठीण होते. म्हणून दाखल्याची एक प्रत स्पीड पोस्टाने कारखान्याला पाठवावी आणि टपालाची पावती जपून ठेवावी.

दाखला मिळाल्यावर मुकादम उचल मागायला दारात येतोच, कधी कोरा मुद्रांक दाखवतो, कधी बैलजोडी सोडून नेण्याची भाषा करतो. १९७६ च्या कायद्याच्या कलम ६ ने ते कर्ज संपलेले असते; त्यावर दिवाणी दावाही लावता येत नाही आणि त्यापोटी जप्त केलेली वस्तू परत द्यावी लागते. ते पैसे स्वीकारणे हाच कलम ९ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. तो येऊन गेल्याची तारीख, वेळ आणि तेव्हा ओसरीत कोण बसले होते त्यांची नावे त्याच दिवशी वहीत लिहून, दाखल्याच्या झेरॉक्ससह पोलीस ठाण्यात द्यावीत आणि त्याचीही पोच घ्यावी.